दादर स्टेशनवर पहिल्यांदा उतरताय? मग हे आधी वाचा

मी २०११ पासून डोंबिवली ते अंधेरी करते, म्हणजे रोज दोनदा दादरला गाडी बदलते, आणि आमच्याकडे गावाहून कोणी पाहुणे यायचे ठरले की पहिला फोन मलाच येतो, अगं दादरला उतरल्यावर कुठे जायचं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकलेलं बरं. नोकरीसाठी, कॉलेजसाठी किंवा हॉस्पिटलच्या कामाला पहिल्यांदा मुंबईत येणाऱ्यांसाठी हे आहे, मुंबईकरांना यातलं बरंच माहितीच असेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. दादर हे एक स्टेशन नाहीये, दोन स्टेशनं आहेत, एकाला एक चिकटलेली. एक सेंट्रलचं आणि एक वेस्टर्नचं. दोन्ही मार्ग वेगवेगळ्या इंग्रजी कंपन्यांनी बांधले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती जीआयपी कंपनीची, तोच आजचा सेंट्रलचा मार्ग, त्या दिवशी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं चौदा डबे ओढत याच दादरमधून गेली. दुसरी कंपनी बीबीसीआय, गुजरातकडून येणारी, तिने १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारवरून मुंबईत रोजची गाडी सुरू केली आणि त्या गाडीच्या थांब्यांमध्ये दादर होतं. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपीची सेंट्रल रेल्वे झाली आणि बीबीसीआयची वेस्टर्न. कंपन्या गेल्या पण दोन स्टेशनं दोनच राहिली, तिकीट खिडक्या वेगळ्या, स्टेशन मास्तर वेगळे, अनाउन्समेंट वेगळ्या. म्हणून दादरला कोणालाही काहीही विचारायचं असेल तर आधी स्वतःला विचारा, मला सेंट्रल पाहिजे का वेस्टर्न. मग दुसरा प्रश्न, बाहेर पडायचं असेल तर ईस्ट का वेस्ट. ह्या दोन प्रश्नांची उत्तरं माहिती असली की दादर सोपं आहे, नसली की माणूस पुलावर अर्धा तास फिरतो.

तिकीट काढताना

लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे, त्यामुळे विनातिकीट जाण्यात काही अर्थच नाही, पकडलं तर २५० रुपये दंड आणि वर भाडं. आणि दादरच्या पुलांवर टीसी हमखास उभे असतात, कधी जिन्याच्या तोंडाशी चार-पाच जण एकदम.

नवीन लोकांची नेहमीची चूक अशी की डोंबिवलीवरून दादरपर्यंत तिकीट काढतात आणि दादरला उतरून परत रांगेत उभे राहून अंधेरीचं काढतात. गरज नाही हो. डोंबिवली ते अंधेरी व्हाया दादर असं एकच तिकीट मिळतं, पासही तसाच मिळतो, सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्हीकडे चालतो. खिडकीवर फक्त "अंधेरी, व्हाया दादर" एवढं म्हणा.

मोबाईलवर काढणार असाल तर रेल्वेचं ॲप आहे, पण ते पेपरलेस तिकीट स्टेशनच्या बाहेर असतानाच काढायचं, रुळांच्या अगदी जवळ आलात की लोकेशनमुळे ॲप तिकीट देत नाही. घरातून निघतानाच काढा हे उत्तम. मशीनवर म्हणजे एटीव्हीएमवरही मिळतं, मशीनशेजारी मदतीला बऱ्याचदा कोणीतरी असतं, ज्येष्ठांना ते सोयीचं पडतं.

फर्स्ट क्लासचं, एसी लोकलचं आणि साध्या सेकंड क्लासचं तिकीट वेगवेगळं. साधं तिकीट घेऊन एसी लोकलमध्ये चढू नका, दारं बंद होतात आणि मग टीसी आला की उतरायलाही जागा नसते.

प्लॅटफॉर्मचे नंबर

हे जरा लक्ष देऊन वाचा कारण इथेच गोंधळ होतो. पूर्वी दोन्ही स्टेशनांचे नंबर एकपासून सुरू व्हायचे. म्हणजे "चार नंबरवर ये" म्हटलं की समोरचा विचारायचा, कुठला चार. फोनवर भेटायचं ठरवणाऱ्यांचे किती वेळा वांधे झालेत याला गणती नाही. ९ डिसेंबर २०२३ पासून नंबर एका ओळीत केले. वेस्टर्नचे १ ते ७ आधीचेच राहिले आणि सेंट्रलचे ८ ते १४ झाले. सेंट्रलचा जुना दोन नंबर त्याआधीच काढून टाकला होता, जुना एक नंबर रुंद करायला, त्यावर श्वास घ्यायला जागा नसायची. म्हणजे सेंट्रलचा जुना १ आता ८, जुना ३ आता ९, जुना ४ तेव्हा १० झाला, ५ चा ११, ६ चा १२, ७ चा १३ आणि ८ चा १४.

हे एवढं सांगायचं कारण असं की जुने लोक अजून जुनेच नंबर बोलतात. तुमचे काका म्हणाले "सेंट्रलच्या एक नंबरला उभा राहा" तर तुम्ही वेस्टर्नच्या एक नंबरवर जाऊन उभे राहाल आणि दोघांच्या मध्ये पूर्ण स्टेशन असेल. तर उलट विचारून घ्या, नवा नंबर का जुना.

सोपी खूण सांगते. नंबर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात. १ नंबर फुलांच्या मार्केटच्या बाजूला, १४ नंबर स्वामीनारायण मंदिराच्या बाजूला. पुलावर उभं राहिल्यावर ही दोन टोकं कळली की मधलं सगळं आपोआप कळतं.

कोणती गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण ऐनवेळी बदलतं, विशेषतः रविवारी मेगाब्लॉक असला, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ बंद ठेवले, की फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवर वळवतात. पुलावर प्रत्येक जिन्याच्या डोक्यावर इंडिकेटर असतो तो वाचूनच खाली उतरा. एकदा खाली उतरलात आणि चुकीचा प्लॅटफॉर्म निघाला तर परत तो गर्दीचा जिना चढायचा म्हणजे एक गाडी गेलीच समजा.

इंडिकेटर वाचायला शिका

इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनचं नाव किंवा खुणेचं अक्षर, गाडी फास्ट का स्लो, किती डब्यांची आणि किती मिनिटांत येणार एवढं असतं. वेस्टर्नवर फार अवघड नाही, बोरिवली, विरार, चर्चगेट. सेंट्रलवर मात्र दोन अक्षरं लक्षात ठेवा. एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. कल्याणच्या पुढे दोन फाटे फुटतात, एक ईशान्येकडे कसाऱ्याला आणि एक आग्नेयेकडे कर्जतला, इंग्रजीतल्या नॉर्थ आणि साऊथवरून ती अक्षरं आली. एस बघून स्लो समजून बसलेली माणसं मी बघितलीयेत, गाडी फास्ट असते आणि त्यांचं विक्रोळी डोळ्यांसमोरून निघून जातं. बदलापूरला जायचं असेल तर कर्जतवाली किंवा खोपोलीवाली चालेल, पण आसनगावला जाणाऱ्याने कर्जत पकडली तर कल्याणला उतरावंच लागणार.

डब्यांची संख्या पण बघा, बारा का पंधरा. पंधरा डब्यांची गाडी लांब असते त्यामुळे तुमचा नेहमीचा डबा वेगळ्या ठिकाणी येतो. लेडीज डबा, फर्स्ट क्लास, दिव्यांगांचा डबा आणि सामानाचा डबा कुठे येणार याच्या खुणा प्लॅटफॉर्मवर लावलेल्या असतात. मोठं सामान असेल तर सामानाच्या डब्यातच चढा. सकाळी नऊला दोन सुटकेसी घेऊन जनरलमध्ये चढायला जाल तर तुम्हालाही त्रास आणि बाकीच्यांनाही.

सारख्या नावांपासून पण सावध. माटुंगा सेंट्रलला आणि माटुंगा रोड वेस्टर्नला. परळ सेंट्रलला, लोअर परळ वेस्टर्नला. परळच्या शेजारचं वेस्टर्नचं स्टेशन म्हणजे प्रभादेवी, जुन्या लोकांच्या तोंडी अजून एल्फिन्स्टन रोड, २०१८ मध्ये नाव बदललं. केईएम किंवा टाटा हॉस्पिटलला येणारे दादरला उतरतात आणि टॅक्सी करतात, त्यापेक्षा परळला उतरा, जास्त जवळ पडतं.

आणि हार्बर लाईन दादरला येत नाही! वाशी, पनवेल, चेंबूर, वडाळा यातलं काही तुम्हाला दादरच्या कुठल्याच प्लॅटफॉर्मवर मिळणार नाही. सेंट्रलच्या कल्याणकडे जाणाऱ्या गाडीने कुर्ल्याला जा आणि तिथे हार्बर पकडा.

उतरणं आणि चढणं

हे कुठल्या बोर्डवर लिहिलेलं नसतं पण सगळ्यात जास्त हेच कामाला येतं. कल्याणकडून फास्ट गाडीने येताय असं धरा. कुर्ला गेलं की उठायचं. सीटवरून उठून दाराकडे सरकायचं आणि पुढच्या माणसाला विचारायचं, "दादर का?" तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहा, नाही म्हणाला तर तो स्वतःच बाजूला होऊन तुम्हाला पुढे घेतो. हे रोज असंच चालतं, यात कोणाला राग येत नाही. राग कधी येतो, तर गाडी दादरला थांबल्यावर मागून कोणीतरी "अहो उतरायचंय" म्हणून ओरडतं तेव्हा. दादरला उतरणारे जेवढे तेवढेच चढणारे असतात आणि गाडी थांबते काही सेकंद.

सॅक पाठीवर नको, पुढे पोटाशी घ्या. मोबाईल आणि पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. ओढणी, पदर नीट खोचून घ्या. चप्पल निघाली तर वाकू नका, जाऊ दे. गाडी पूर्ण थांबेपर्यंत पाय खाली टाकू नका, बाकीचे टाकतात म्हणून तुम्ही टाकायचा नाही, त्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे आणि तरी त्यातले पडतात. रूळ ओलांडायचा विचार पण मनात आणू नका, कितीही उशीर होत असला तरी. मी एका सकाळी एका मुलाला खाली उतरताना बघितलं, समोरून फास्ट येत होती, प्लॅटफॉर्मवरच्या माणसांनी हाताला धरून वर ओढला. त्याचा एक बूट रुळात राहिला होता. पुढचे कितीतरी दिवस तिथून जाताना माझं लक्ष तिकडेच जायचं.

उतरल्यावर लगेच थांबून फोन बघू नका, मागून लोंढा येत असतो. चार पावलं पुढे जाऊन खांबाच्या आडोशाला उभे राहा आणि मग काय ते बघा. पुलावर डाव्या बाजूने चाला. दादरला पूल बरेच आहेत, सरकते जिने आणि लिफ्टही आहेत, पण गर्दीच्या वेळी सरकत्या जिन्याशी रांग लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना बरोबर घेऊन येणार असाल तर सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ धरा, तेव्हा दादर बरंच माणसात असतं.

बायकांसाठी अजून एक. रात्री उशिरा लेडीज डब्यात पोलीस असतात, तोच डबा बघून चढा. काही झालं तर रेल्वेची हेल्पलाईन १३९ आणि रेल्वे पोलिसांची १५१२, दोन्ही आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

लांबच्या गाड्या

तिकिटावर नुसतं दादर बघून निघू नका, कोड बघा. डीआर असेल तर सेंट्रल, डीडीआर असेल तर वेस्टर्न. कोकण, पुणे, दक्षिणेकडच्या गाड्या सेंट्रलवर आणि गुजरात-राजस्थानकडच्या वेस्टर्नवर. सामान घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला गर्दीत सहज पंधरा मिनिटं जातात.

सावंतवाडीची तुतारी एक्स्प्रेस घेणाऱ्या कोकणातल्या लोकांसाठी खास. ती दादरवरून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे तिकिटावर १२ तारीख असेल तर तुम्ही ११ च्या रात्री जेवून स्टेशनवर यायचं. माझ्या मावशीला कणकवलीला जायचं होतं, ऐन गणपतीत, ती १२ च्या रात्री आली, गाडी आदल्या रात्रीच गेलेली. हातात मोदकाचं भांडं, दोन पिशव्या आणि वेटिंगचं पण तिकीट मिळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी एसटीने गेली. तेव्हापासून मी ओळखीतल्या प्रत्येकाला तिकीट काढल्या काढल्या फोन करून तारीख सांगते. तुम्ही पण घरातल्यांना सांगा.

बाहेर पडल्यावर

वेस्टला उतरलात तर समोर सेनापती बापट मार्ग आणि फुलांचं मार्केट. पहाटे पाच-सहाला आलात तर जमीन दिसत नाही एवढी झेंडू-शेवंतीची पोती पडलेली असतात, ओल्या पानांचा वास पार पुलापर्यंत येतो, हार करणाऱ्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या असतात. रानडे रोडने सरळ चालत गेलात की शिवाजी पार्क, आणि त्याच्या पलीकडे समुद्राच्या कडेला चैत्यभूमी, जिथे ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला देशभरातून लाखो लोक इथे येतात, त्या दोन-तीन दिवसांत दादरला येणार असाल तर हातात भरपूर वेळ ठेवा आणि पोलीस सांगतील त्याच बाजूने चाला. बाबासाहेबांचं राजगृह मात्र ईस्टला आहे, हिंदू कॉलनीत, बरेच जण ते वेस्टला शोधतात.

मेट्रो ३ चं दादर स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं. ते रेल्वे स्टेशनच्या आत नाहीये, वेस्टला बाहेर पडून गोखले रोडकडे चालत जायचं. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सला) जाणाऱ्यांना ते फारच सोयीचं झालंय.

ईस्टला बाहेर पडलात तर स्वामीनारायण मंदिर, आणि तिथून पुढे दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्राम कधीच्या बंद झाल्या पण नाव राहिलंय. पुण्याच्या शिवनेरी बस आणि शेअर टॅक्सी इकडूनच मिळतात, पुण्याला जायचं असेल तर वेस्टला उतरूच नका. ह्या बाजूच्या सरळ आखलेल्या रस्त्यांच्या आणि झाडांच्या कॉलन्या १८९६ च्या प्लेगनंतरच्या, दाटीवाटीच्या मुंबईतून लोकांना मोकळ्या जागेत आणायचं म्हणून मुद्दाम वसवलेल्या. ईस्ट आणि वेस्ट गाडीने जोडणारा म्हणजे टिळक पूल. सप्टेंबर २०२५ मध्ये परळचा एल्फिन्स्टन पूल पाडायला घेतला तेव्हापासून टिळक पुलावर गाड्यांची फार गर्दी असते, त्यामुळे पलीकडे जायला टॅक्सी करू नका, रेल्वेच्या पुलावरून चालत पाच मिनिटांत पोचाल.

भूक लागली असेल तर वडापाव खा. वडापाव दादर स्टेशनच्या बाहेरच जन्मला असं सांगतात, १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्य यांच्या गाडीवर. वेस्टला छबिलदास गल्लीतला श्रीकृष्णचा बटाटावडा आणि ईस्टला स्टेशनसमोरची कैलाशची लस्सी, हे दोन्ही मी पाहुण्यांना आवर्जून खायला-प्यायला घालते.

भाजी घ्यायची असेल तर संध्याकाळी वेस्टला. मेथी, मटार, आंबेहळद, सगळं ताजं मिळतं, आणि आमच्या डब्यातल्या बायका मुलुंड येईपर्यंत मेथी निवडून पण टाकतात. पेपर अंथरायचा, देठ एका बाजूला, पानं पिशवीत, घरी गेल्यावर नुसती फोडणी. नवीन असाल तर विचारा, शेजारची बाई तुम्हाला पण थोडं निवडून देते.

परतीच्या प्रवासात एकच करा, संध्याकाळी सहा ते साडेआठच्या मध्ये दादरवरून कल्याणकडची फास्ट पकडायची असेल तर पहिल्या दिवशी एक-दोन गाड्या सोडून द्या. प्लॅटफॉर्मवर उभं राहून नुसतं बघा, लोक कुठे उभे राहतात, दार नेमकं कुठे येतं, आधी उतरणाऱ्यांना कशी वाट देतात. तिसऱ्या गाडीला चढा.